आपलेच गेले की सगळ्यांचे?

लाइट गेले की मराठी घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'आपलेच गेले की सगळ्यांचे?' कुणीतरी गॅलरीत जाते, समोरच्या इमारतीकडे बघते, जिन्यातला दिवा चालू आहे का ते पाहते आणि आत येऊन निकाल देते. सगळ्यांचे गेले असतील तर मेणबत्ती लावायची आणि गप्पा मारत बसायचे. आपलेच गेले असतील तर मीटरपाशी जायचे. फक्त स्वयंपाकघरातले गेले असतील तर मिक्सरवर संशय घ्यायचा. हे आपल्याला कुठल्या शाळेत शिकवले नाही, पण बिघाड शोधण्याचे सगळे शास्त्र या एका प्रश्नात आहे.

इंटरनेट गेले की मात्र हे शहाणपण कुठे जाते कोण जाणे! नातू ओरडतो, 'आजोबा, नेट गेले!' आणि घरातला कर्ता माणूस त्या लुकलुकणाऱ्या डब्यांकडे धाव घेतो. हाताला येतील त्या दोन-तीन पिना उपटतो, पुन्हा खोचतो, एखाद्या डब्याला चापटीही मारतो. नेट आले तर कशाने आले ते कळत नाही, आणि नाही आले तर आपण काय काय हलवले ते आठवत नाही. मग मुलाला फोन. मुलगा हिंजवडीत नाही तर ह्यूस्टनला. तो म्हणतो, 'बाबा, तुम्ही कशाला हात लावू नका.' हे वाक्य ज्या घरात महिन्यातून एकदा ऐकू येते, त्या घरासाठी आजचा हा लेख आहे.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. यातल्या कशाचाच राऊटरशी संबंध नाही असे तुम्हाला वाटेल. कादंबऱ्यांचा नाही, हे मी मान्य करतो. बँकेचा मात्र आहे. १९८० च्या दशकात आमच्या शाखांत सगळा कारभार जाडजूड लेजरांत, हाताने चाले. महिनाअखेरीला बेरजा जुळवायच्या. त्या पहिल्या फटक्यात जुळल्या असे क्वचितच होई. मग 'फरक' शोधणे सुरू होई. नवखा कारकून लेजर पहिल्या पानापासून तपासायला घेई आणि रात्री दहापर्यंत तिथेच असे. मुरलेला हेडक्लार्क आधी फरकाच्या आकड्याकडे बघे. त्याला ९ ने भाग जातो का? जात असेल तर कुणीतरी ५४ चे ४५ केले असण्याचा संभव. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची नोंद कुठे आहे का? असेल तर ती नावेऐवजी जमेला पडली असेल. मग फरक बचत खात्यांत की चालू खात्यांत, कुठल्या लेजरात, कुठल्या पानांच्या दरम्यान, असे क्षेत्र अर्धे अर्धे करत तो नेमक्या ओळीवर बोट ठेवी. तो हुशार होता असे नव्हे. पण तो सगळीकडे एकदम शोधत नसे.

घरचे नेट गेले तेव्हा करायचे ते एवढेच. पण त्यासाठी आधी आपले लेजर कुठून कुठे जाते ते ठाऊक हवे.

ही तार येते कुठून?

केबल आपल्याकडे आली ती टीव्हीसाठी. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास परदेशी वाहिन्या दिसू लागल्या आणि गच्च्यांवरून, झाडांवरून, चाळींच्या कठड्यांवरून काळ्या तारांचे जाळे पसरले. इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांना मिळू लागले १५ ऑगस्ट १९९५ पासून, पण ते टेलिफोनच्या तारेतून, ती करकर-कुईंकुई ऐकल्यावर. टीव्हीच्याच तारेतून नेट आणायचे तर एक अडचण होती. टीव्हीचा कारभार एकतर्फी, त्याने पाठवायचे आणि आपण बघायचे. नेटला मात्र दोन्ही बाजूंनी बोलावे लागते. ते कसे बोलायचे याचे नियम १९९७ मध्ये अमेरिकेतल्या केबल कंपन्यांच्या प्रयोगशाळेने ठरवून दिले. त्या नियमांना 'डॉक्सिस' म्हणतात. त्यांनुसार एकाच तारेत काही पट्टे टीव्हीच्या वाहिन्यांना, काही नेटच्या येण्याला आणि खालचा एक पट्टा नेटच्या जाण्याला राखून ठेवलेला असतो.

ही तार घरात येते ती मोडेम नावाच्या पहिल्या डब्यात. मोडेम हा दुभाषा. केबलची भाषा तो संगणकाच्या भाषेत आणतो, आणि उलट. तिथून एक छोटी तार जाते दुसऱ्या डब्यात. तो राऊटर. राऊटर हा आवक-जावक कारकून. बँकेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर शाखेचा एकच पत्ता असतो, पण पत्र कुठल्या टेबलावरून निघाले ते जावक-वहीत नोंदलेले असते. म्हणून उत्तर आले की ते बरोबर त्या टेबलावर पोचते. तसेच तुमच्या घरातले चार मोबाइल, एक टीव्ही आणि नातीचा लॅपटॉप बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतात. कुणी काय मागवले याची वही राऊटर ठेवतो. इंटरनेटच्या जुन्या, अजूनही चालू असलेल्या पद्धतीत पत्ते आहेत जेमतेम ४२९ कोटी, म्हणजे माणशी एकसुद्धा नाही. म्हणून ही काटकसर. घरातल्या यंत्रांना राऊटर जे १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक वाटतो, ते फक्त उंबऱ्याच्या आतले. तुमच्याकडेही तेच आणि शेजारीही तेच, जसे प्रत्येक घरात एक 'बाळू' असतो.

तिसरा टप्पा राऊटरपासून तुमच्या मोबाइलपर्यंतचा. तो बिनतारी, म्हणजे वाय-फाय. तर लेजरे तीन झाली: रस्त्यापासून मोडेमपर्यंत, मोडेमपासून राऊटरपर्यंत आणि राऊटरपासून तुमच्या हातापर्यंत. मोबाइलवर वाय-फायच्या चारही रेघा दिसतात म्हणून 'नेट तर फुल्ल आहे' असे पुष्कळ जण म्हणतात. त्या रेघा फक्त तिसऱ्या लेजराचा हिशेब सांगतात. बाहेरची तार तुटलेली असली तरी त्या चारच्या चार दिसतील.

अर्धे अर्धे करत जायचे

आता फरक शोधू. पहिला प्रश्न अर्थातच, आपलेच गेले की सगळ्यांचे? एकाच मोबाइलचे गेले असेल आणि घरातल्या बाकीच्यांचे चालत असेल, तर राऊटरला हात लावण्याचे कारणच नाही. दोष त्या मोबाइलात आहे. घरातल्या सगळ्यांचे गेले असेल तर शेजारी विचारावे. शेजाऱ्याकडेही तीच केबल असून त्याचेही गेले असेल, तर चहा टाकावा. आपल्या हातात काही नाही.

फक्त आपल्याच घराचे गेले असेल तर मोडेमचे दिवे बघावेत. साधारण चार-पाच असतात: वीज, येणारा संदेश, जाणारा संदेश, 'ऑनलाइन' आणि राऊटरकडचा दुवा. मोडेम सुरू झाला की आधी येणारा पट्टा शोधतो, मग जाणारा. या शोधात ते दिवे लुकलुकतात आणि सापडले की स्थिर होतात. 'ऑनलाइन'चा दिवा स्थिर असेल तर पहिले लेजर बहुधा जुळले. तो लुकलुकतच राहिला तर दोष बाहेरच्या तारेत किंवा त्याही पलीकडे. अशा वेळी राऊटर शंभरदा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. आणखी एक खूण आहे. टीव्हीही त्याच तारेवर असेल आणि चित्राचे चौकोनी तुकडे पडत असतील, तर तो पहिल्या लेजरातल्या फरकाचा जवळजवळ पुरावाच.

ऑनलाइनचा दिवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही. मग राऊटरला बाजूला बसवावे. मोडेममधून राऊटरकडे जाणारी तार काढून थेट लॅपटॉपला लावावी, मोडेम बंद करून पुन्हा चालू करावा आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. लॅपटॉपवर नेट आले तर मोडेम निर्दोष आणि राऊटर आरोपी. नाही आले तर राऊटर बहुधा सुटला. लेजराचे दोन तुकडे झाले आणि हे करायला कुठला इंजिनिअर लागला नाही.

इथे 'मोडेम बंद करून चालू करावा' याला कारण आहे. जगातल्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच बारा अंकाक्षरांचा एक क्रमांक मिळालेला असतो. बरेच केबल मोडेम चालू झाल्यावर पहिल्यांदा जे यंत्र दिसेल त्याचा क्रमांक लक्षात ठेवतात आणि मग दुसऱ्या कुणाला ओळख दाखवत नाहीत. नवा राऊटर आणला, जुना काढला, तार जशीच्या तशी लावली आणि नेट नाही, या तक्रारीचे मूळ बहुतेकदा हेच असते. मोडेमची वीज अर्धा मिनिट काढली की तो जुनी ओळख विसरतो. काही ठिकाणी ही नोंद केबलवाल्याच्या कार्यालयातही असते. तेव्हा नवा राऊटर घेतल्यावर त्याच्या पाठीवरचा तो क्रमांक त्यांना कळवावा लागतो.

म्हणूनच बंद-चालू करण्याचाही क्रम आहे. दोन्ही डबे बंद करावेत. आधी मोडेम चालू करावा. त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत राऊटरला हात लावू नये. मग राऊटर, आणि शेवटी मोबाइल. दुभाषा यायच्या आधीच कारकुनाने खिडकी उघडली तर तो काम काय करणार?

राऊटरच आरोपी ठरला तर आणखी तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, तार कुठल्या भोकात आहे. राऊटरला मागे चार-पाच सारखी भोके असतात. त्यातले एक वेगळ्या रंगाचे किंवा थोडे दूर असते, ते बाहेरच्या जगाचे. साफसफाईत मोडेमची तार शेजारच्या भोकात गेली की वाय-फाय दिसते, नेट मिळत नाही. दुसरी, घरात दोन कारकून तर नाहीत ना? हल्ली मोडेमच्या पोटातच राऊटर असतो. त्याला दुसरा राऊटर जोडला आणि दोघेही घरात एकाच मालिकेतले क्रमांक वाटू लागले तर पत्रे कुठल्या टेबलावर जायची? अशा वेळी एकाचे हे काम बंद ठेवायला सांगावे. तिसरी, लॅपटॉपच्या माहितीत आपला क्रमांक १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर समजावे की त्याने मागितला पण कुणी क्रमांक दिलाच नाही, म्हणून बिचाऱ्याने स्वतःच एक लावून घेतला.

तिसऱ्या लेजरातले फरक घरगुती असतात. वाय-फायच्या जुन्या पट्ट्याच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच काम करतो. भाकरी गरम करायला ठेवली की मालिका अडखळते ती यामुळे. राऊटर दिसायला बरा नाही म्हणून लोखंडी कपाटाच्या मागे, माळ्यावर किंवा माशांच्या टाकीशेजारी ठेवतात. लोखंड लहरी अडवते आणि पाणी पिऊन टाकते. राऊटर घराच्या मध्यावर, उघड्यावर आणि माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर असावा. देवघरासाठी जागा शोधताना आपण करतो तेवढा विचार इथेही करावा.

बाईंची गोष्ट

हे सगळे कशासाठी, असे कुणी विचारील. आमच्या शेजारच्या विंगेत एक निवृत्त शिक्षिका राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या. सगळी वसाहत त्यांना बाईच म्हणते. मुलगी मेलबर्नला. रोज दुपारी साडेतीनला, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात रात्री आठला, ती फोनच्या पडद्यावर दिसते. बाईंचा दिवस त्या साडेतीनभोवती बांधलेला. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांचे नेट रोज दुपारी जाऊ लागले. तंत्रज्ञ येऊन गेला. तो सकाळी आला, तेव्हा सगळे सुरळीत होते. 'आजी, तुमच्याकडूनच काहीतरी बंद होत असेल,' असे म्हणून गेला.

बाईंना नेट जाण्यापेक्षा हे वाक्य लागले. मला म्हणाल्या, 'तुम्ही बँकेत होतात ना? मग हा हिशेब मला समजावून द्या.' आम्ही दोघे दुपारी तीनपासून मोडेमसमोर बसलो. पाऊस सुरू झाला आणि ऑनलाइनचा दिवा लुकलुकू लागला. टीव्ही लावला तर चित्राचे चौकोन. बाईच म्हणाल्या, 'म्हणजे घरातले नाही. बाहेरचे.' जिन्याच्या वरच्या टोकाला, जिथे एका तारेच्या तीन तारा होतात, त्या जोडावर गच्चीतले पाणी गळत होते. पितळ हिरवे झाले होते. केबलवाल्याने तो जोड बदलला आणि आश्चर्य म्हणजे आणखी दोन घरांचीही तक्रार थांबली. यात चमत्कार नाही. जाणारा पट्टा सगळ्या घरांचा मिळून असतो. एका सैल जोडातून आत शिरलेला गोंगाट साऱ्या शेजाऱ्यांच्या वाटेत येतो.

त्या दिवशी बाईंनी फळ्यावरच्या वळणदार अक्षरात एक कागद लिहून मोडेमच्या वर चिकटवला. शेजारी चालू का? टीव्ही बरा का? कुठला दिवा लुकलुकतो? थेट तार लावून काय झाले? किती वाजता गेले, पाऊस होता का?

सप्टेंबरात पुन्हा नेट गेले. केबलवाल्याचा फोन लागेना, म्हणून बाईंनी मोबाइलवर शोधून ग्राहकसेवेचा एक क्रमांक काढला. पलीकडचा मनुष्य फार आदबीने बोलत होता. 'आजी, तुमची लाइन रिफ्रेश करावी लागेल. मी सांगतो ते अ‍ॅप घ्या आणि दहा रुपये भरा.' बाईंनी समोरच्या कागदाकडे पाहिले आणि विचारले, 'मोडेमचा कुठला दिवा लुकलुकतोय, ते तुम्ही मला कसे विचारले नाही?' तो गडबडला. 'दिव्याचे नंतर बघू,' म्हणाला. बाईंनी फोन ठेवला. ते अ‍ॅप घेतले असते तर मोबाइलचा सगळा पडदा त्याला दिसला असता. दहा रुपये भरताना पेन्शनच्या खात्याचा संकेतांक बाईंनी त्याच्या डोळ्यांदेखत टाइप केला असता. मी बँकेत होतो, या मार्गाने खाती कशी रिकामी होतात ते मला ठाऊक आहे. बिघाडामुळे माणूस घाबरा झालेला असतो, त्याला वाटते आपल्याला यातले काही कळत नाही, आणि ठग नेमके त्याच दारातून आत येतात.

म्हणून ध्यानात ठेवावे. ग्राहकसेवेचा क्रमांक नेटवर शोधू नये. तो बिलावरून घेऊन त्याच डब्यावर चिकटवून ठेवावा. नेट दुरुस्त करायला तुमच्या मोबाइलचा पडदा कुणाला दिसण्याची गरज नसते. आणि कुणी फसवले गेलेच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. जितका उशीर तितके पैसे पुढे सरकत जातात.

दोन पथ्ये

आणखी दोन पथ्ये सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तार बदलली, बंद-चालू केले आणि जागाही हलवली, तर गुण कशाचा ते कळणार नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा अंधारात. दुसरे, राऊटरच्या मागे टाचणी जाईल एवढे एक भोक असते. ते दाबून धरले की राऊटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वाय-फायचे नाव, संकेतशब्द, जोडणीची माहिती, सगळे जाते. तो शेवटचा उपाय आहे. ज्याच्याकडे ती माहिती कागदावर लिहिलेली नाही त्याने त्या भोकाच्या वाटेला जाऊ नये.

पुष्कळ घरांत आता केबलच्या जागी काचेची बारीक तार आली आहे आणि मोडेमच्या जागी वेगळा डबा. त्यावरचा लाल दिवा प्रकाश पोचत नसल्याचे सांगतो. डबे बदलले तरी पद्धत तीच. बाहेरचे की आतले, दुभाषा की कारकून, तार की हवा.

तक्रार करतानाही 'नेट चालत नाही हो' एवढेच म्हटले की पलीकडून उत्तर येते, 'बंद करून चालू करा.' त्याऐवजी असे सांगावे: 'ऑनलाइनचा दिवा वीस मिनिटे लुकलुकतो आहे, टीव्हीचे चित्रही फुटते आहे, शेजारच्यांचे ठीक आहे. दोष जिन्यातल्या जोडापासून आमच्या मोडेमपर्यंत कुठेतरी आहे. माणूस पाठवा.' आवाज चढवावा लागत नाही आणि मुलाच्या ओळखीने बोलावे लागत नाही. दुरुस्ती दुसऱ्याने करावी, त्याचे ते काम आहे. पण फरक कुठल्या पानावर आहे एवढे ज्याला सांगता येते, त्याला वय कितीही झाले तरी कुणी 'तुम्ही हात लावू नका' असे म्हणत नाही.